चार टर्मिनलं, एक कप्पा

आमचे साहेब मशीनवर दोन बोटं ठेवायचे. नाडी बघतात तशी. डोळे मिटायचे, मान जरा तिरकी करायचे, आणि मग डोळे उघडून आमच्याकडे असं बघायचे की रोग्याला काही झालेलं नाही, नातेवाईकच नालायक आहेत. "मशीन कधी चुकत नाही," ते म्हणायचे. "चुकतं ते माणूस." माणूस म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. खोलीत माणसं आम्हीच होतो. साहेब स्वतःला त्यात धरत नसत.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, म्हणून तुम्ही आत्ताच हसलात. हसा, पण आमचा नमुना अस्सल होता. तो मे महिन्यात स्वेटर घालायचा. अख्खं कोकण घामाने निथळत असताना हा गृहस्थ कॉफी रंगाचं, बायकोने विणलेलं, कोपरावर ठिगळ लावलेलं स्वेटर घालून एसटीतून उतरायचा. खोलीत एसी होता ना! ती एसीची खोली आपल्यामुळे आहे असं त्यांना वाटत होतं. एसी मशीनसाठी होता. माणसांना उकडलं तर सरकारला चालतं, मशीनला उकडलेलं चालत नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. जिल्हा नवा, कचेऱ्या मिळेल त्या जागेत थाटलेल्या. आमची कसालला, हायवेला लागून. खाली लाकडाची वखार, वर आम्ही. दिवसभर खालून करवतीचा आवाज यायचा आणि सगळ्या फायलींवर भुसा बसायचा. फक्त एका खोलीला काचेचं दार होतं, दाराबाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे आणि मग आत जायचं. आत कोपऱ्यात ते मोठं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. त्याला जोडलेली चार टर्मिनलं, म्हणजे हिरव्या अक्षरांचे चार पडदे आणि चार कीबोर्ड. हात आमचे चौघांचे, डोकं मात्र कोपऱ्यातलं एकच.

मी तीन नंबरवर बसायची. तेवीस वर्षांची, बीकॉम, मालवणहून रोज एसटीने येणारी. ऑर्डर एकोणनव्वद दिवसांची. एकोणनव्वद दिवस झाले की घरी बसायचं आणि नव्या ऑर्डरची वाट बघायची. घरच्यांनी तेवढ्यात अट घातली होती. या वेळी ऑर्डर वाढली तर कर बाई नोकरी, नाही वाढली तर चिपळूणच्या स्थळाला होकार. चिपळूणचं स्थळ मी फोटोत बघितलं होतं. फोटोत तो खुर्चीवर बसला होता आणि त्याची आई पाठीमागे उभी होती, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. आईचा चेहरा बघूनच माझी भूक गेली होती. मला ही नोकरी हवी होती. इतकी हवी होती की साहेबांनासुद्धा सहन करायची माझी तयारी होती.

साहेबांना सहन करणं म्हणजे काय ते ऐका. ते मूळचे साधे कारकून, कणकवलीच्या आतल्या गावचे. खात्याने त्यांना पुण्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि आमच्या नशिबी हे आलं. पुण्याहून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक ते ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि दुसरी पुणेरी मराठी. "ऑफिसात मालवणी नको," हा त्यांचा पहिला हुकूम. "मशीनच्या खोलीत तर नकोच नको." जसं काही मशीनच्या कानावर 'खंय' पडलं की ते बिघडणार होतं. आम्ही सगळे मालवणी, ते मालवणी, शिपाई मालवणी, आणि दिवसभर एकमेकांशी "आपण जेवलात का" करत बसायचो. तोंड दुखायचं.

त्यांच्याकडे एक बिघाड वही होती. तारीख, बिघाड, कारण, सही असे चार रकाने. कारणाच्या रकान्यात कायम एकच वाक्य: 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. लाइट गेली, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. प्रिंटरची रिबन सुकली, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. एकदा प्रिंटरमध्ये पाल शिरली आणि कागदाबरोबर बाहेर आली, चपटी होऊन. तेव्हाही तेच लिहिलं. मी म्हटलं, "साहेब, पाल माझ्या ओळखीची नव्हती." त्यांनी त्या दिवशी रकाना वाढवला आणि लिहिलं, 'शिवाय उद्धट उत्तरे'.

एकदा तर ते माझा कीबोर्ड हुंगत होते. खरंच, खाली वाकून, नाक लावून.

"कीबोर्डला कोळंबीचा वास येतो आहे," ते म्हणाले. सुंगटं म्हणायचं नव्हतं ना!

"मी जेवून हात धुतले होते, साहेब. आणि मशीन शाकाहारी आहे काय?"

"पुण्यात असं चालत नसे," ते म्हणाले. पुण्यात सुंगटं कुठली मिळायला, हे मी मनात म्हटलं.

आता मूळ मुद्दा. या मशीनच्या पोटात कप्पे असायचे. इंग्रजीत त्याला डिरेक्टरी म्हणतात, आम्ही कप्पेच म्हणायचो. टर्मिनल सुरू केलं की तुम्ही कुठल्या तरी एका कप्प्यात उभे असता. मशीनला फाइल मागा, ते त्याच कप्प्यात शोधतं. काही लिहायला सांगा, त्याच कप्प्यात लिहितं. तुम्ही कुठे उभे आहात याचं भान तुम्ही ठेवायचं, मशीनला त्याचं सोयरसुतक नाही. मशीन बसवायला जो इंजिनिअर आला होता त्याने चार टर्मिनलांना चार वेगवेगळे कप्पे लावून दिले होते. एक नंबर सुरू केला की तो आपोआप आपल्या कप्प्यात जायचा, तीन नंबर आपल्या. इंजिनिअरने आम्हाला तीन अक्षरी हुकूमही शिकवला होता. तो टाइप केला की मशीन सांगायचं, तू अमुक कप्प्यात आहेस. मी तो वहीत लिहून ठेवला होता. साहेबांनी लिहिला नव्हता, कारण त्यांना सगळं येत होतं.

इंजिनिअर गेला आणि साहेबांना ते चार कप्पे डोळ्यात खुपायला लागले. कोणाचं काम बघायचं तर चार ठिकाणी शोधावं लागतं. शिवाय त्यात त्यांना काहीतरी अशुभ वाटत होतं. एका सोमवारी आम्हाला उभं करून ते म्हणाले, "आमच्या घरात पाच भाऊ. पाच भावांची चूल एक. आजही एक. एका पातेल्यात भात शिजतो आणि एका पंगतीत वाढला जातो. या खोलीत मला चार चुली नकोत." आणि त्यांनी स्वतः बसून, पुण्याची वही उघडी ठेवून, चारही टर्मिनलांना एकच कप्पा लावून दिला. वर आम्हाला विचारलं, "कळलं?" आम्ही माना डोलावल्या. मी त्या वेळी मनात म्हटलं, बरं झालं, आता शोधायला नको. म्हणजे मीही काही फार शहाणी नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

ती एक चूल आम्हाला पाठ झाली होती. दर सोमवारी ती पेटायची. कोणी रजा मागितली की पेटायची, चहाचे कप वेगळे ठेवले की पेटायची. आमचा शिपाई त्यांच्या शेजारच्या गावचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. एक दिवस साहेब जेवायला गेले तेव्हा दादा दार लावून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "खंयची गो एक चूल? वाटण्यो होवन तीन वर्षां झाली. पाच चुली पेटतत थंय. ह्यांचा वाट्याक मागची पडवी इली. भाव बोलणत नाय एकमेकांशी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढचे पंधरा दिवस साहेब चुलीचं बोलायला लागले की मी आणि दादा एकमेकांकडे बघायचो.

श्रावणात वरून हुकूम आला. रेशनकार्डांच्या याद्या गावनिहाय छापून दुकानांवर लावायच्या, चतुर्थीच्या आधी. चतुर्थीची जादा साखर त्या यादीप्रमाणे मिळणार. आमच्याकडे चतुर्थी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईचा माणूस एक वेळ बापाच्या आजारपणाला येणार नाही, पण चतुर्थीला येतो. आणि आला की त्याला गोड लागतं. तोवर आम्ही एका वेळी एका गावाची यादी काढत होतो, तीही रमतगमत. आता साहेबांच्या अंगात आलं. चार टर्मिनलं, चार तालुके, एकाच वेळी! "पुण्यातसुद्धा कोणी केलं नसेल," ते म्हणाले आणि हात मागे बांधून आमच्या पाठीमागे फेऱ्या मारायला लागले. माझ्याकडे मालवण तालुका होता. प्रिंटर तीन दिवस किरकिरत होता. याद्या छापल्या, बांधल्या, गेल्या.

आठव्या दिवशी सकाळी काचेचं दार धाडकन उघडलं आणि एक बाई चपलांसकट आत आली. तोंडवलीची. काष्टा घातलेला, कपाळावर घाम, हातात अख्ख्या वाडीच्या रेशनकार्डांचा गठ्ठा.

"कोणी गो माका नांदगावाक धाडल्यान?" तिने विचारलं.

"बाई, चपला बाहेर," साहेब म्हणाले.

"चपलांचा मागीर बघया. दुकानदार म्हणता, तोंडवलीच्या यादीत तुमचो एक पण माणूस नाय. आमची सगळी वाडी नांदगावाच्या यादीत गेली. थंय काय दर्या आसा? आम्ही नांदगावाक जावन होडयो खंय घालतलंव, हायवेर?"

"अर्ज आणला आहे का?"

"अर्ज कसलो, मेल्या? चवथ तोंडार इली!"

दादाने कपाटातून नांदगावच्या यादीची प्रत काढली. नांदगाव कणकवली तालुक्यात, हायवेवरचं गाव, समुद्र तिथून कुठच्या कुठे. आणि यादीत नावांपुढे व्यवसाय: मासेमारी, मासेमारी, मासेमारी, मासळी विक्री, मासेमारी. दादाला हसू आवरेना. तोंडवलीच्या यादीत नांदगावचे शेतकरी आणि दोन मास्तर जाऊन बसले होते. पुढे बघितलं तर आणखी गावांची अशीच खिचडी.

साहेबांनी मशीनवर दोन बोटं ठेवली. डोळे मिटले. मग उघडून माझ्याकडे बघितलं. "तोंडवली कोणाकडे होती?"

बाईने माझ्याकडे वळून विचारलं, "तू गो केलंस ह्या?"

"मी नाय केलंय गो," मी म्हटलं. तोंडातून सरळ आलं.

"ऑफिसात मालवणी नको," साहेब म्हणाले. त्या वेळीसुद्धा! माझा जीव टांगणीला लागलेला आणि या माणसाला भाषेची पडली होती.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे तोंडवली येथील कार्डधारकांची गैरसोय झाली असून, दहा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास आपली सेवा पुढे चालू ठेवण्यात येणार नाही.' म्हणजे चिपळूण. मेमोवर वरच्या साहेबांची सही होती, पण मजकूर कोणाचा ते पहिल्या ओळीवरून कळत होतं.

मग सुरू झाला शोध. आमच्या साहेबांचा शोध, म्हणजे जत्राच. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या वायरी उपटून ओल्या फडक्याने पुसल्या. पुन्हा चारही याद्यांना हात घातला, पुन्हा खिचडी. दुसऱ्या दिवशी माझं टर्मिनल खिडकीपासून हलवलं. खिचडी. तिसऱ्या दिवशी मशीनपुढे नारळ फोडला, त्याचं पाणी स्टॅबिलायझरवर उडालं आणि दोन तास लाइट गेली. चौथ्या दिवशी त्यांनी बिघाड वहीत लिहिलं, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय, 'मालवणहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कपड्यांतील खारेपणा यंत्रास बाधक असावा'. मी त्या दिवशी घरी जाऊन साडीचा पदर चाटून बघितला, इतकी मला या माणसाची चीड आली होती. खारट होता, पण तो घामाने.

कोणी एकानेही मला विचारलं नाही की बाई, तुला काय वाटतं. विचारलं असतं तरी मला तेव्हा सांगता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी अर्धा दिवस. बाकीचे तिघे दीडच्या गाडीने गेले. मी थांबले, म्हटलं एकदा तोंडवली शेवटची काढून बघावी. काढली, बरोबर आली. वरपासून खालपर्यंत तोंडवली, त्या बाईच्या नावासकट. मला खरं वाटेना. पुन्हा काढली, पुन्हा बरोबर. पाच वेळा काढली आणि पाचही वेळा एकही नाव इकडचं तिकडे नाही.

मी खुर्चीवर मांडी घालून बसले आणि विचार केला. मशीन तेच, मी तीच, साडी तीच, खारेपणा तोच. मग बदललं काय? बाकीचे तिघे घरी गेले. एवढंच बदललं होतं.

सोमवारी मी बाकीच्या तिघांना हाताशी धरलं. साहेब यायच्या आधी एक-दोन-तीन म्हणून चौघांनी एकदम याद्या लावल्या. खिचडी. मग एकेकाने लावल्या. चारही स्वच्छ. तेव्हा मला इंजिनिअरचा तो तीन अक्षरी हुकूम आठवला. मी एक नंबरला जाऊन टाइप केला: मी कुठे आहे? मशीनने कप्पा सांगितला. दोन नंबरवर तोच कप्पा. तीनवर तोच. चारवर तोच. माझ्या जुन्या वहीत चार वेगळी नावं लिहिलेली होती.

तुम्हाला सोपं करून सांगते. गावनिहाय यादी लावताना तो प्रोग्रॅम आधी एका कच्च्या फाइलमध्ये नावं लिहायचा आणि मग त्यातून वाचून छापायचा. कच्च्या फाइलचं नाव कायम एकच. तुम्ही ज्या कप्प्यात उभे, त्या कप्प्यात ती फाइल. चौघे चार कप्प्यांत असताना चार कच्च्या फायली होत्या. एकाच कप्प्यात आल्यावर एक झाली. म्हणजे चार पोरांनी एकाच पाटीवर एकदम लिहायचं, एकमेकांचं पुसायचं, आणि मग आपलं म्हणून जे दिसेल ते मोठ्याने वाचायचं. मी तोंडवली लिहीत होते, त्यावर कणकवली तालुक्याने नांदगाव लिहिलं, आणि मी ते तोंडवली म्हणून वाचलं.

साहेब आले. स्वेटर, डबा, छत्री. मी त्यांना उभ्या उभ्या सगळं दाखवलं. एकट्याने, मग चौघांनी. कप्प्याचं नाव चारही पडद्यांवर दाखवलं. ते बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी मशीनवर दोन बोटं ठेवली.

"मशीन कधी..."

"मशीन नाहीच चुकलं!" मी ओरडले. "कप्पा तुम्ही बदललात. एका कप्प्यात चौघांना तुम्ही कोंबलंत. आणि मेमो मला!"

"आवाज खाली. एकत्र काम करण्यात काही गैर नाही. आमच्या घरी पाच भाऊ..."

आणि मग मी बोलले. बोलायला नको होतं ते बोलले. "पुरे झालं साहेब ते! तुमच्या घरात पाच चुली पेटतात, तुम्हाला मागची पडवी मिळाली, भाऊ तुमच्याशी बोलत नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. स्वतःच्या घरात जमलं नाही ते इथे आमच्या डोक्यावर कशाला?"

खालची करवतसुद्धा त्याच वेळी थांबली असावी, असं मला आता वाटतं. दादा दाराशी उभा होता, तो बाहेर सटकला. बाकीचे तिघे पडद्यांकडे बघायला लागले. साहेबांनी मशीनवरची बोटं काढली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

मग ते म्हणाले, "सर गो जरा. माका बघू दी."

त्या खोलीत ते मालवणी बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. मी खुर्ची सोडली. त्यांनी पुण्याची वही काढली आणि एकेका टर्मिनलवर बसून कप्पे पूर्वीसारखे वेगळे करून टाकले. चारही. दुपारपर्यंत काम पुरलं. मग उठून, हात धुवून, ते जेवायला गेले.

मी बधिर होऊन बघत होते. त्यांनी काय केलं ते कळायला मला दोन मिनिटं लागली. कप्पे पूर्ववत झाले, म्हणजे चूक गेली. चूक गेली, म्हणजे ती कोणी केली याचा पुरावाही गेला. आता वरच्या साहेबांनी येऊन बघितलं तर चारही याद्या स्वच्छ, आणि तोंडवलीची खिचडी मात्र माझ्या नावावर. काय पाताळयंत्री माणूस! मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मी माझा खुलासा लिहून दिला. कप्पे, कच्ची फाइल, सगळं लिहिलं. पण मला माहीत होतं, एकोणनव्वद दिवसांच्या पोरीच्या कागदाला कोण विचारतो! घरी आईने चिपळूणला पत्र पाठवायची भाषा सुरू केली. त्या दिवसांत मी साहेबांशी एक शब्द बोलले नाही. ते पाठीमागून आले की मी मुद्दाम मोठ्याने मालवणीत बोलायची. दादाशी, तिघांशी, भिंतीशीसुद्धा. त्यांनी एकदाही टोकलं नाही. ती त्यांची भीती आहे, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. त्यांची नक्कलसुद्धा केली, दोन बोटं चहाच्या किटलीवर ठेवून. सगळे पोट धरधरून हसले. मागे दारात ते उभे होते आणि त्यांनी ती बघितली, हे मला दादाने नंतर सांगितलं.

नव्या याद्या मात्र आम्ही रोज काढत होतो, चारही टर्मिनलं एकदम लावून. एकही नाव हललं नाही.

पुढच्या गुरुवारी टेबलावर दोन लिफाफे आले. एक माझा. ऑर्डर वाढली होती, आणि या वेळी एकोणनव्वद दिवसांसाठी नव्हे, वर्षासाठी. दुसरा साहेबांचा. त्यांची बदली, परत मूळ खात्यात, देवगडच्या बाजूला, साध्या कारकुनाच्या जागी. मी माझा कागद तीनदा वाचला. त्यांचा वाचला नाही. मला वाटलं, माझा खुलासा वरच्यांनी वाचला आणि दोघांना ज्याचं त्याचं मिळालं. सरकारात क्वचित का होईना, न्याय होतो, असं मी बाकीच्या तिघांना ऐकवलंसुद्धा.

साहेबांनी ड्रॉवर रिकामा केला. पुण्याची वही माझ्या टेबलावर ठेवली. बिघाड वही कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली दादाकडे दिली. स्वेटर हातावर घेतलं आणि जिना उतरून गेले. निरोपाचा चहासुद्धा कोणी मागवला नव्हता. मी तर मागवणारच नव्हते.

ते गेल्यावर दादा आत आला आणि स्टुलावर बसला. तो कधी बसत नसे.

"तुका म्हायत आसा काय," तो म्हणाला, "तुझो खुलासो वर गेलोच नाय. टपालात पडान आसा. वर गेली ती ह्यांची टिप्पणी. मीच घेवन गेलंय, त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी."

"कसली टिप्पणी?"

त्याने वाटेत ती वाचली होती. अशा बाबतीत दादा कुचराई करत नसे. तीन पानांची टिप्पणी. पहिली अडीच पानं पुण्याच्या ट्रेनिंगची, त्यात मिळालेल्या गुणांची आणि खात्याच्या सेवेत घालवलेल्या वर्षांची. वाचता वाचता दादाला झोप यायला लागली होती म्हणे. आणि शेवटी, अर्ध्या पानात, एवढंच: कप्प्यांची रचना निम्नस्वाक्षरीकाराने स्वतःच्या मर्जीने बदलली. त्यामुळेच याद्यांत चूक झाली. संबंधित ऑपरेटर यांचा काहीही दोष नाही, चूक त्यांनीच शोधून काढली. त्यांच्यासारख्या कर्मचाऱ्यास खात्याने सोडू नये.

"माका वाटला, तुका म्हायत आसा," दादा म्हणाला. "म्हणान मी गप रवलंय."

मी उठले आणि चपला न घालता जिना उतरले. कसालचा स्टॉप आमच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. देवगडकडची गाडी उभी होती, कंडक्टर खाली उभा राहून विडी संपवत होता. साहेब खिडकीशी बसले होते, मांडीवर डबा. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. मला धाप लागली होती. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आधी आभार मानायचे की त्या पाच चुलींची माफी मागायची, हेच कळत नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी जे बोलले..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"ऑफिसच्या वेळेत तुम्ही बाहेर कशा?" ते म्हणाले. "हालचाल रजिस्टरात नोंद केली आहे का?"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. मी दोन पावलं तिच्याबरोबर धावले, पण साहेबांनी मान समोर वळवली होती आणि ती पुन्हा इकडे केली नाही. ते देवगडकडे गेले आणि नंतर कधी माझ्या दृष्टीला पडले नाहीत. त्या दिवशी मी भर हायवेवर उभी राहून त्या माणसाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, मालवणीत, आणि पदराने डोळे पुसत राहिले. मेल्याने आभार मानायचीसुद्धा सवड दिली नाही.